पाण्यातली शर्यत, मातीवरची शर्यत



ऑलिम्पिक स्पर्धा आल्या की चहाच्या टपरीपासून वर्तमानपत्रांच्या स्तंभांपर्यंत एक वाद हमखास रंगतो. अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स याच्या नावावर ऑलिम्पिकची २३ सुवर्णपदके आहेत. जगातील सर्वांत वेगवान माणूस म्हणून आपण ज्याला ओळखतो त्या जमैकाच्या उसेन बोल्टच्या नावावर ८ आहेत. मग या दोघांत थोर कोण? एक पक्ष म्हणतो, आकडेच काय ते सांगतात. दुसरा पक्ष म्हणतो, पोहण्यात पदकांची खिरापत वाटली जाते. वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात स्पर्धेसाठी ना धाव घेतलेली असते, ना सूर मारलेला असतो. तरी वाद अटीतटीचा होतो.

या वादात मी तटस्थ नाही, हे आरंभीच सांगून टाकते. शाळेत असताना मी धावत असे. पोहायला शिकले ते वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. त्यामुळे माझा कल कोणीकडे असेल, हे तुम्ही ओळखले असेल. तरीही मत मांडायचे, तर आधी दोन्ही खेळ जवळून पाहिले पाहिजेत. निबंधाच्या प्रश्नपत्रिकेत 'तुलना करा' असे दोन शब्द दिसताच आपण डावीकडे एक रकाना आणि उजवीकडे एक रकाना आखतो. तसे येथे करून चालणार नाही. या दोन खेळांना एकच मोजपट्टी लागू पडत नाही.

प्रथम अंतराचा विचार करू. बोल्टने २००९ साली बर्लिनमध्ये १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापले. चीनच्या पान झानले याने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तेवढेच अंतर पोहून ४६.४० सेकंदांत पार केले. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पटींनी दाट असते, त्याचा हा परिणाम. म्हणून पोहण्याच्या शंभर मीटरांची बरोबरी धावण्याच्या शंभर मीटरांशी लावणे चुकीचे ठरते. ती चारशे मीटरांशी लावली पाहिजे. दक्षिण आफ्रिकेच्या वेड व्हॅन निकर्कने रिओ येथे २०१६ साली ४०० मीटरची शर्यत ४३.०३ सेकंदांत जिंकली, हे लक्षात घेतले म्हणजे जोडी जुळते. एकास चार हे प्रमाण ढोबळ आहे, पण उपयोगी आहे. पोहणाऱ्याची सर्वांत छोटी ऑलिम्पिक शर्यत, म्हणजे ५० मीटर, हीसुद्धा वीस सेकंदांच्या वर जाते. दहा सेकंदांत सारे काही उधळून टाकायचे, असा प्रसंग पोहण्याच्या तलावात येतच नाही.

दुसऱ्या टोकाला जाऊन पाहा. तलावातील सर्वांत लांब शर्यत १५०० मीटरची. अमेरिकेच्या बॉबी फिंकने ती पॅरिसमध्ये १४ मिनिटे ३०.६७ सेकंदांत जिंकली. मैदानावर मात्र दहा सेकंदांच्या धावेपासून दोन तासांच्या मॅरेथॉनपर्यंत सारे काही आहे. शिवाय भालाफेक आहे, गोळाफेक आहे, बांबूउडी आहे. गोळाफेक करणारा धिप्पाड माणूस आणि मॅरेथॉन धावणारा काटकुळा माणूस एका बाकावर शेजारी बसवले, तर दोघे एकाच खेळाचे खेळाडू आहेत यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. तलावाच्या काठावर उभ्या राहिलेल्या आठ अंतिम स्पर्धकांकडे पाहा: रुंद खांदे, लांब धड, लांब हात. फेल्प्स आणि १५०० मीटर धावण्याचा विक्रमवीर, मोरोक्कोचा हिशाम अल गरूज यांच्या उंचीत सुमारे १७ सेंटीमीटरचा फरक. पण दोघांच्या पायांची लांबी जवळजवळ सारखीच, असे सांगितले जाते. पाण्याला लांब धड हवे, मातीला लांब पाय हवेत.

यातून माझा पहिला निष्कर्ष निघतो. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मैदानी स्पर्धांचे ४८ प्रकार होते आणि तलावातील जलतरणाचे ३५. संख्या मैदानाची मोठी आहे, परंतु ते ४८ प्रकार अनेक वेगवेगळ्या शरीरांमध्ये विभागलेले आहेत. पोहण्याचे ३५ प्रकार एकमेकांच्या पुष्कळ जवळचे आहेत. म्हणून एकच असामान्य जलतरणपटू पाच-सहा प्रकारांत उतरू शकतो. फेल्प्सने बीजिंगमध्ये २००८ साली ८ सुवर्णपदके मिळवली. म्युनिकमध्ये १९७२ साली मार्क स्पिट्झने ७ मिळवली होती. मैदानावर जेसी ओवेन्सने १९३६ साली आणि कार्ल लुईसने १९८४ साली एकाच ऑलिम्पिकमध्ये ४ सुवर्णपदके जिंकली, तेव्हा जग थक्क झाले. त्या चारांचे मोल आठांहून कमी होते, असे मला वाटत नाही. डेकॅथलॉनचा खेळाडू तर दोन दिवसांत दहा प्रकार खेळतो आणि त्याच्या गळ्यात पडते एकच पदक. पोहण्यात चार शैलींची मिडले जिंकणाऱ्याला त्या चारांपैकी आपल्या आवडीच्या शैलीत पुन्हा स्वतंत्र पदकही मिळवता येते. दहा कामे करून एक पगार घेणारा आणि चार कामे करून तीन पगार घेणारा, यांची तुलना पगाराच्या आकड्यावर कशी करायची?

पण इथे पोहण्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. 'उलटे पोहण्याला पदक देता, मग उलटे धावण्याला का नाही?' हा विनोद तुम्ही ऐकला असेल. तो चटकदार आहे, परंतु पुरता खरा नाही. मैदानावरही चालण्याची शर्यत आहेच. एक पाऊल सतत जमिनीला टेकलेले हवे, हा तिचा नियम. म्हणजे वेगाने जाण्याचा सोपा मार्ग बंद करून मग वेग मागायचा. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये नेमके हेच घडते. याविषयी दोन्ही खेळांचा इतिहास फार बोलका आहे. १९३० च्या दशकात ब्रेस्टस्ट्रोक पोहणाऱ्या काहींच्या लक्षात आले की, हात पाण्याखालून पुढे नेण्याऐवजी पाण्यावरून फेकले तर वेग वाढतो आणि नियमात त्याला बंदीही नाही. जुनी शैली मरायला टेकली. तेव्हा या नव्या पद्धतीला 'बटरफ्लाय' म्हणून वेगळे घर बांधून देण्यात आले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ती स्वतंत्र शर्यत झाली. त्याच मेलबर्नमध्ये जपानच्या मासारू फुरुकावाने ब्रेस्टस्ट्रोकची शर्यत बरीचशी पाण्याखालून पोहून जिंकली, आणि लगेच तशा पोहण्यावरही बंदी आली. बॅकस्ट्रोकमध्ये पाण्याखालून लांबवर जाणाऱ्यांना पुढे १५ मीटरची मर्यादा घालण्यात आली.

आता उंच उडी पाहा. डिक फॉस्बरी हा अमेरिकन तरुण १९६८ साली मेक्सिको सिटीत आडव्या दांडीवरून पाठ खाली करून गेला आणि २.२४ मीटरची उडी मारून सुवर्णपदक घेऊन आला. जुन्या पद्धतीसाठी कोणी वेगळी स्पर्धा काढली नाही. काही वर्षांतच साऱ्यांनी त्याची पद्धत उचलली आणि पोटावरून जाण्याची रीत इतिहासजमा झाली. नवे आले की मैदान जुन्याला निरोप देते. तलाव मात्र जुन्यासाठी स्वतंत्र ओवरी ठेवतो. भाषेच्या विद्यार्थ्यांना हे ओळखीचे वाटेल. ओवी, अभंग, पोवाडा आणि मुक्तछंद यांतला 'वेगवान' एकच ठरवून बाकीचे काढून टाकावेत, असे आपण म्हणत नाही. म्हणून चार शैली असण्यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो चार शैलींची पदके मोजून त्या बेरजेला थोरवी म्हणण्यावर.

पाणी शरीराला झेलून धरते, हीही एक बाब आहे. बीजिंगमध्ये फेल्प्स नऊ दिवसांत १७ वेळा शर्यतीत उतरला. सांध्यांवर दणका बसत नाही म्हणून हे शक्य होते. अमेरिकेच्याच डारा टॉरेसने त्या स्पर्धेत वयाच्या ४१ व्या वर्षी तीन रौप्यपदके मिळवली. मातीवरची प्रत्येक धाव गुडघ्याकडून आणि मांडीच्या स्नायूंकडून वसुली करते. म्हणूनच चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने हेलसिंकीत १९५२ साली ५,०००, १०,००० आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती एकाच ऑलिम्पिकमध्ये जिंकल्या, हा पराक्रम मला आजही अविश्वसनीय वाटतो. ही माझी जुनी भक्ती आहे. तिचा अंश वजा करून हे वाक्य वाचावे.

पोशाखांचा आणि बुटांचा प्रश्न दोन्हीकडे आहे, त्यावर फार रेंगाळत नाही. २००९ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत रबरी धाटणीचे पूर्ण अंगभर पोशाख घालून पोहणाऱ्यांनी ४३ विश्वविक्रम मोडले आणि २०१० च्या आरंभापासून ते पोशाख बाद झाले. मैदानावर कार्बनच्या पट्टीचे बूट आले, तेव्हा तळव्याच्या जाडीला मर्यादा घालून ते ठेवून घेतले. दोन खेळांच्या प्रशासनांनी दोन वेगळे मार्ग घेतले, इतकेच.

शर्यत संपते तो क्षण मात्र निवांतपणे पाहण्याजोगा आहे. लॉस एंजेलिसमध्ये १९८४ साली ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा ५५.४२ सेकंदांत आली आणि रुमानियाची क्रिस्टियाना कोजोकारू ५५.४१ सेकंदांत. सेकंदाच्या शंभराव्या भागाने भारताचे कांस्यपदक गेले. शेवटच्या क्षणी छाती पुढे झोकण्यात उषा कमी पडली, असे मानले जाते. मैदानावर धड रेषेला पोहोचते तेव्हा शर्यत संपते. हात कितीही पुढे गेला तरी तो धरला जात नाही. पाण्यात नेमके उलट आहे. बीजिंगमध्ये १०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम फेरीत सर्बियाचा मिलोराद चाविच पुढे होता. शेवटी तो हात पसरून भिंतीकडे सरकत राहिला. फेल्प्सने आणखी एक अर्धा हात मारला आणि भिंतीवरची पाटी आधी दाबली. ५०.५८ विरुद्ध ५०.५९. एका ठिकाणी छाती, दुसऱ्या ठिकाणी बोटांची टोके. अंतर मात्र दोन्हीकडे तेच, सेकंदाचा शंभरावा भाग.

मग याहून बारीक मोजले तर? म्युनिकमध्ये १९७२ साली ४०० मीटर मिडलेत स्वीडनच्या गुन्नार लार्सनने अमेरिकेच्या टिम मॅकीला सेकंदाच्या दोन सहस्रांशांनी हरवले. हिशेब केला, तर त्या वेगाला हे अंतर सुमारे तीन मिलिमीटर भरते. तलावाच्या दोन भिंतींमधील अंतर प्रत्येक मार्गिकेत तीन मिलिमीटरपर्यंत अचूक बांधणे गवंड्याला शक्य नाही. म्हणजे लार्सन जिंकला की त्याच्या मार्गिकेतला गिलावा जिंकला, हे सांगता येत नाही. पुढे पोहण्यात शंभरावा भाग हीच सीमा ठरली. त्याखाली फरक असला तर तो फरक नाहीच, असे मानून पदक वाटून दिले जाते. रिओमध्ये पुरुषांच्या १०० मीटर बटरफ्लायमध्ये फेल्प्स, दक्षिण आफ्रिकेचा चॅड ल क्लो आणि हंगेरीचा लाझलो चेह या तिघांची वेळ ५१.१४ आली आणि तिघांनाही रौप्यपदक मिळाले. मैदान मात्र सहस्रांशापर्यंत जाते. पॅरिसमध्ये १०० मीटरच्या अंतिम फेरीत अमेरिकेचा नोआ लाइल्स ९.७८४ आणि जमैकाचा किशेन थॉम्प्सन ९.७८९. धावण्याचा वेग मोठा असल्यामुळे हा फरक जमिनीवर पाच सेंटीमीटरांहून थोडा अधिक भरतो आणि छायाचित्रात दिसतो. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर आहेत. पण आपल्या मोजण्याला मर्यादा आहे हे मान्य करून पदक वाटून देणारा तलावाचा नियम मला अधिक सभ्य वाटतो. धावण्याच्या बाजूची असूनही मी हे म्हणते.

पुढे वाचण्यापूर्वी येथे जरा थांबा. तुमच्या गावात किंवा वस्तीत धावण्याच्या शर्यतीत बक्षीस मिळवलेली किती माणसे तुम्हांला आठवतात, आणि पोहण्याच्या शर्यतीत मिळवलेली किती, हे वहीत लिहून काढा. त्यांत स्त्रिया किती, तेही लिहा. पुढचा मजकूर त्या वहीशी ताडून पाहायचा आहे.

महाराष्ट्राचा पावसाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठणारा अविनाश साबळे बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचा. रिओमध्ये त्याच प्रकारात अंतिम फेरीत धावलेली ललिता बाबर साताऱ्याच्या माण तालुक्यातली. आष्टी आणि माण, दोन्ही तालुके अवर्षणाचे. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवणारी कविता राऊत नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची. आता ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि दोन मीटर खोल असा स्पर्धेचा तलाव भरायचा, तर पाणी लागते २५ लाख लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरने भरायचे ठरवले, तर अडीचशे खेपा. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंडे रांगेत लागतात, तिथल्या मुलाने जलतरणपटू का झाले नाही, असे विचारणे क्रूरपणाचे आहे. तो धावला, कारण रस्ता फुकट होता. स्टीपलचेसमध्ये दर फेरीला पाण्याचा एक खड्डा ओलांडावा लागतो, हा केवळ योगायोग. पण आष्टी-माणच्या मुलामुलींना शर्यतीत भेटलेले पाणी तेवढेच, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

उलट बाजूला कोल्हापूरचा वीरधवल खाडे. पंचगंगेच्या गावचा हा मुलगा सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पोहला आणि २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्याने कांस्यपदक मिळवले. १९८६ मधील खजान सिंग यांच्या रौप्यपदकानंतर आशियाई स्पर्धेत भारताला जलतरणात मिळालेले ते पहिलेच पदक. नकाशा असा नीट जुळताना पाहून मला मोह होतो. पण तो आवरला पाहिजे. पाऊस आणि पाणी एवढ्यावर जलतरणपटू घडत असते, तर कोकणाने आतापर्यंत ऑलिम्पिक गाजवले असते. खाडेलाही पुढच्या प्रशिक्षणासाठी बंगळुरूला जावे लागले. तलाव हवा, बारमाही हवा, मार्गदर्शक हवा, पहाटे चारला उठवणारे आणि फी भरणारे आईवडील हवेत. ऑलिम्पिकच्या जलतरणात आजवर एकाही भारतीयाला अंतिम फेरी गाठता आलेली नाही, तर मैदानी स्पर्धांत नीरज चोप्राने सुवर्ण आणि रौप्य दोन्ही आणले. या तफावतीचे कारण भारतीय शरीरात शोधणाऱ्यांनी आधी आपल्या तालुक्यातले तलाव मोजावेत.

पाण्यापर्यंत पोहोचण्याचा प्रश्न केवळ पैशाचाही नाही. माझ्या लहानपणी आमच्या गावातली मुले विहिरीत पोहायला शिकत. पाठीला कोरडा भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, आणि काकाने किंवा मोठ्या भावाने काठावरून ढकलून द्यायचे. दोन उन्हाळ्यांत पोरगा मुटके मारू लागे. पण मुलगा. त्या विहिरीचे पाणी शेंदून घरी आणणाऱ्या आम्ही मुली होतो, आमच्या आया होत्या. रोज त्या पाण्याचे ओझे वाहत होतो, पण त्या पाण्यात उतरण्याची मुभा आम्हांला नव्हती. 'पाण्यात पडले की पोहता येते' ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवली आहे, दहापैकी दहा गुणही मिळवले आहेत. आणि गावात अशीही घरे होती, ज्यांच्या मुलग्यांनाही त्या विहिरीच्या काठावर यायची मनाई होती. हे त्या वयात मला ठाऊक होते आणि ते मला खटकत नव्हते. आज ते लिहिताना लाज वाटते.

महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी प्राशन केले, आणि नंतर सनातन्यांनी त्या तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. अमेरिकेत १९६४ साली फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन येथे एका मोटेलच्या तलावात कृष्णवर्णीय आंदोलक उतरले, तेव्हा तिथल्या व्यवस्थापकाने पाण्यात आम्ल ओतले. दोन खंड, दोन समाज, पण पाण्याची भीती एकच. त्याचा खेळावर झालेला परिणाम तारखांत दिसतो. अमेरिकेच्या अ‍ॅलिस कोचमन या कृष्णवर्णीय स्त्रीने उंच उडीत ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले ते १९४८ साली. जलतरणात वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री सिमोन मॅन्युएल, साल २०१६. मध्ये गेली ६८ वर्षे. मॅन्युएलची वेळ कॅनडाच्या पेनी ओलेक्सियाकच्या वेळेशी तंतोतंत जुळली, ५२.७०; दोघींना सुवर्णपदक मिळाले. पुरुषांमध्ये हा मान १९८८ साली सुरिनामच्या अँथनी नेस्टीने मिळवला होता. त्याने अमेरिकेच्या मॅट बियॉन्डीला सेकंदाच्या शंभराव्या भागाने मागे टाकले, तेव्हा त्याच्या देशात ५० मीटरचा तलाव एकच होता.

स्त्रियांच्या बाबतीत या इतिहासाला एक विचित्र वळण आहे. ऑलिम्पिकने स्त्रियांना तलावात प्रवेश दिला १९१२ साली आणि मैदानावर १९२८ साली. म्हणजे जगाने स्त्रीला आधी पाण्यात जाऊ दिले. आमच्या गावाने आधी मातीवर धावू दिले. शाळेच्या मैदानावर, गणवेशात, गुरुजींच्या देखत. पण दोन्हीकडे लांब अंतर तिला झेपणार नाही, ही समजूत मात्र सारखी होती. १९२८ च्या स्त्रियांच्या ८०० मीटर शर्यतीनंतर ती शर्यत वगळली गेली, ती थेट १९६० साली परत आली. स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ साली सुरू झाली. पोहण्याची १५०० मीटर शर्यत तर स्त्रियांना टोकियो ऑलिम्पिकपर्यंत मिळाली नव्हती.

आतापर्यंतचे वाचून, माती उदार आणि पाणी कृपण, असे माझे मत असल्याचे तुम्हांला वाटेल. बराच काळ ते तसेच होते. ते बदलायला कारण झाले मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचा हा जवान सैन्यात मुष्टियोद्धा होता. १९६५ च्या युद्धात त्याच्या शरीरात अनेक गोळ्या घुसल्या. मणक्यात शिरलेल्या गोळीने कमरेखालचे अंग गेले. जमिनीने त्याला टाकले, असे म्हणायला हरकत नाही. उपचाराचा भाग म्हणून तो पाण्यात उतरला. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे १९७२ च्या पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइल त्याने ३७.३३ सेकंदांत पार केले आणि पॅरालिम्पिकमधील भारताचे पहिले सुवर्णपदक आणले. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. तिला इतका उशीर का झाला, हा वेगळ्या लेखाचा विषय. अपंग खेळाडूंसाठी मैदानी स्पर्धाही आहेत आणि त्यांतही आपली माणसे चमकतात, हे खरे. परंतु ज्याचे पाय त्याला पेलू शकत नाहीत, त्याला कसल्याही साधनावाचून उचलून धरण्याचे काम पाणीच करते. माती फुकट असली, तरी तिला पाय लागतात. पाण्यापर्यंत पोहोचवणारा कोणी भेटला, तर पाणी पायांची चौकशी करीत नाही.

आपल्या भाषेत 'धाव' हा शब्द विहिरीलाही चिकटलेला आहे. मोट ओढणारे बैल ज्या उतरत्या वाटेवरून पुढे-मागे जात, त्या वाटेला 'धाव' म्हणतात. मोटा गेल्या, पंप आले, तरी जुन्या विहिरींच्या काठाला त्या धावा अजून दिसतात. विहिरीत मुले पोहत तेव्हा आम्ही मुली त्या धावेवरून शर्यती लावत असू. वर जाताना दम लागे, उतरताना पाय थांबत नसत. जिल्ह्याच्या स्पर्धेत मी ४०० मीटर धावले, त्याचा सराव बहुतेक तिथेच झाला.

शहरात आल्यावर घराजवळ महानगरपालिकेचा तलाव होता. त्याच्या फाटकावरून मी वीस वर्षे जा-ये केली. दुपारी स्त्रियांची एक बॅच असते, हे पाटीवर लिहिलेले होते. मी ते वाचतही असे. शेवटी मुलगी कॉलेजात गेली आणि एका एप्रिलमध्ये मी अर्ज भरला. पहिले दहा दिवस कठडा सोडला नाही. शिकवणारी मुलगी माझ्या निम्म्या वयाची होती. ती सांगे, 'काकू, पाण्याला ढकलू नका, त्याच्यावर पडून राहा.' धावणाऱ्या माणसाला हे सर्वांत अवघड असते. त्याला थांबायचे म्हणजे हरायचे, एवढेच माहीत असते. त्या दुपारच्या बॅचमध्ये आम्ही अठरा जणी होतो; त्यांतल्या पंधरा जणी विहीर असलेल्या गावांतून आलेल्या होत्या.

तुमच्यापैकी कित्येक जण चाळिशी ओलांडून पदवीचा अर्ज भरलेले आहेत, हे मला ठाऊक आहे. म्हणून हा वैयक्तिक मजकूर तुमच्यापुढे ठेवताना संकोच वाटला नाही.

सिडनी ऑलिम्पिकमध्ये २००० साली इक्वेटोरियल गिनी या आफ्रिकी देशाचा एरिक मुसाम्बानी १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये उतरला होता. त्याचा सराव एका हॉटेलच्या छोट्या तलावात झालेला. ५० मीटरचा तलाव त्याने त्याआधी पाहिलाही नव्हता. त्याच्या गटातले दोघे सुरुवातीच्या चुकीमुळे बाद झाले आणि तो एकटाच पोहला. शेवटच्या काही मीटरांत तो बुडतो की काय, असे प्रेक्षकांना वाटले. वेळ लागला १ मिनिट ५२.७२ सेकंद, सुवर्णविजेत्याचा होता ४८.३० सेकंद. लोक त्याला हसले, नंतर त्यांनी टाळ्याही वाजवल्या. मी ते दृश्य दूरदर्शनवर पाहिले तेव्हा हसणाऱ्यांत होते. आता तेच अंतर मी आमच्या तलावात पोहते. २५ मीटरच्या चार फेऱ्या. साडेचार मिनिटे, मध्ये एकदा कठडा धरून.